बिस्किटाच्या डब्यातले अण्णा

रविवार, दुपारचे अडीच. वरणभात पोटात, पंखा डोक्यावर आणि मांडीवर बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा. डबा उघडत नाही. चमच्याचं टोक घालून पाहिलं, किल्ली घालून पाहिली, शेवटी एक शिवीही घालून पाहिली. झाकण गंजून डब्याला धरून बसलं आहे. माझे डोळे जड होतायत, पंख्याचा आवाज लांब जातोय आणि परत जवळ येतोय. पण मी झोपलेलो नाही. खालच्या घरातल्या कुकरची तिसरी शिट्टी मी नीट मोजली आहे. चौथीची वाट बघतोय.

"काय शिंपीदादा, डबा राखत बसलायस व्हय?"

समोरच्या वेताच्या मोड्यावर अण्णा बसलेत. धोतर, कोपरापर्यंत दुमडलेला शर्ट, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. जाऊन त्यांना अठ्ठावीस वर्षं झाली, पण टोपी गुडघ्यावर ठेवायची सवय गेलेली दिसत नाही.

अण्णा म्हणजे भूपाल माणगावे, कृष्णाकाठचे कथाकथनकार. ज्यांना हे नाव ठाऊक नाही त्यांनी घरातल्या साठीच्या माणसाला विचारावं. 'पुरातली नाव' ही त्यांची कॅसेट एके काळी सलूनमध्ये लागायची, एसटीच्या कँटीनमध्ये लागायची, लग्नाच्या मांडवात सनई थांबली की लागायची. ती कॅसेट मी कापली. म्हणजे तिचं संकलन मी केलं. मुकुंद टेंबे, वय चौऱ्याहत्तर, कान अजून शाबूत.

अण्णांना बघून मला भीती वाटत नाही. वाईट वाटतं, कारण ते न अडखळता बोलले.

"अण्णा, तुम्ही सरळ बोलताय."

"मग काय करू? जेवढं तू ठेवलंयस तेवढंच बोलाय येतंय. बाकीचं तुज्या मांडीवर हाय."

मी डबा दोन्ही हातांनी धरतो.

हे जरा सांगायला हवं. अण्णा बोलताना अडखळायचे. सगळीकडे नाही, पण 'म' आला की गाडी रुतायची. आणि कथा सांगणाऱ्याचा पहिलाच शब्द 'मंडळी'! जत्रेत, देवळापुढच्या पटांगणात अण्णा उभे राहायचे, हात जोडायचे आणि "म… म…" करत थांबायचे. कुणी हसायचं नाही. लोक थांबायचे. मग अण्णा मान वर करून त्यांच्याकडे बघायचे, आणि हजारभर माणसं एका आवाजात म्हणायची, "मंडळी!" अण्णा म्हणायचे, "हां, तीच!" आणि कथा सुरू. असं कथेभर चालायचं. ती कथा अण्णा एकटे सांगत नसत, सगळं पटांगण मिळून सांगायचं. 'म'वरून नाव असलेल्या माणसांना अण्णा टोपणनावं द्यायचे. मला त्यांनी शिंपी केलं, कारण कापलेल्या टेपा मी गळ्यात अडकवून काम करायचो.

अण्णा मोड्यावरून उठतात आणि दार उघडतात. दाराबाहेर माझा जिना असायला हवा. तिथे संकलनाची खोली आहे.

तीच खोली. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, टेबलावर मोठं मशीन, ब्लेड, पिवळी पेन्सिल, टेपा जोडायची पांढरी चिकटपट्टी. मी तेहेतीस वर्षांचा आहे. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, आणि अण्णांची कथा चव्वेचाळीस मिनिटांची. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात, समोर अख्खं गाव बसवून, आम्ही ती रेकॉर्ड केली होती. कॅसेट कंपनीचे मालक म्हणाले, "टेंबे, बसवा एका बाजूत." मी बसवली. अकरा दिवस लागले. आधी थांबे काढले, मग अडखळणं काढलं, मग लोकांनी दिलेले शब्द काढले आणि तिथे अण्णांच्याच तोंडचे, दुसरीकडे नीट उमटलेले शब्द आणून जोडले. एकशे त्रेचाळीस ठिकाणी कापलं आणि एकाही ठिकाणी कळत नाही. त्याबद्दल मला पुढे एक पदक मिळालं. ते कपाटात आहे.

मला वाटलं होतं, मी या माणसावर उपकार करतोय. त्याचं व्यंग झाकतोय. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

खोलीत आता तीच टेप चालू आहे. अण्णा कानाला हेडफोन लावून उभे आहेत, तेव्हा उभे होते तसेच. मी त्यांच्या तोंडाकडे बघतोय. शाबासकीची वाट बघतोय, खोटं कशाला बोलू? कथा संपते. अण्णा हेडफोन काढून टेबलावर ठेवतात.

"ह्यो कोन रे?"

"तुम्हीच की, अण्णा."

"माज्यापेक्षा चांगला बोलतोय गडी," ते म्हणतात आणि हसतात.

तेव्हाही ते हसले होते. मीही हसलो होतो. माझ्या गळ्यात त्या वेळी त्यांचे एकशे त्रेचाळीस तुकडे लोंबत होते. मालकांनी पसंत केलं की तुकडे टाकून द्यायचे, असा आमच्या धंद्यातला रिवाज. सगळ्यांना मी टाकले म्हणूनच सांगितलं. पण कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलो आणि हात होईना. म्हणून बिस्किटाच्या डब्यात गेले.

"सकाळी पद्मा काय म्हणत हुती?" अण्णा विचारतात.

त्यांना ठाऊक आहे. मेलेल्यांना नसेल ठाऊक तर कुणाला? पण मला सांगायला लावायचं आहे.

पद्मा म्हणजे अण्णांची मुलगी. सकाळी अकराला तिचा फोन आला होता. ती म्हणाली, "काका, आमची नात चंदना शाळंत बोलंना झालीया. नऊ वर्साची पोरगी. 'म'ला अडखळतीया, अण्णांगत. पोरं हसत्यात. म्हटलं, तुजा पणजोबाबी असाच हुता, तरी लोक त्येला डोक्यावर घेऊन नाचायचे. तर म्हणती, आजी, खोटं बोलू नको. आन् मोबाईलवर अण्णांची कथा लावून मलाच ऐकीवली. एक ठेच न्हाई त्यात. काका, अण्णांचा खरा आवाज कुटंतरी असंल की वो? अर्धा मिनिट असला तरी चालंल."

"मग तू काय सांगितलंस?" अण्णा विचारतात.

"सांगितलं, तेव्हाच टाकून दिलं सगळं."

"आन् मग हा डबा माळ्यावरनं कशाला काडलास?"

मशीनवरची टेप सुटली आहे. चाक गरगर फिरतंय आणि टेप जमिनीवर पडतेय, वेटोळ्यावर वेटोळं, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. तपकिरी, चकचकीत. पुराच्या पाण्यासारखीच दिसते ती. मी ब्लेड शोधतो आणि ब्लेड हाताला लागत नाही. ओलं लागतं.

आम्ही नावेत आहोत. अण्णा वल्हं मारतायत. कृष्णा दोन्ही काठ सोडून चालली आहे, आणि देवळाचं शिखर तेवढं वर राहिलं आहे. अण्णांच्या कथेत हेच घडतं. पुरातल्या नावेत एक आई पोराला घेऊन बसलेली असते. मागून अख्खं झाड वाहत येतं, पोराचं लक्ष नसतं आणि आईच्या तोंडून शब्द फुटत नाही. "म… म…" आणि सगळं पटांगण ओरडतं, "मागं बघ!" पोरगं मागं बघतं आणि वाचतं. त्या जागी बायका रडायच्या. आपण ओरडलो म्हणून पोर वाचलं, असं प्रत्येकीला वाटायचं. कॅसेटमध्ये ती आई एका दमात, स्पष्ट म्हणते, "मागं बघ." जोड इतकी सफाईदार आहे की माझा मलाच तेव्हा अभिमान वाटला होता.

"काठावर बग," अण्णा म्हणतात.

काठावर माणसं बसली आहेत. पाण्याच्या कडेला, ओळीनं, पोरंबाळं घेऊन. गप्प आहेत.

"का गप्प आहेत?"

"थांबल्यात. ती थांबायची, शिंपीदादा. तुला वाटलं, ती मला शब्द द्यायची. त्ये मागनं. आदी थांबायची. म्या मान वर करून बगितलं तरच द्यायची, न्हाईतर न्हाई. काही येळा माजा मलाच शब्द गावायचा. मग कसली खूश व्हायची!"

हे मला माहीत नव्हतं. अकरा दिवस तोच आवाज कानात घेऊन बसलो, पण डोळ्यांनी अण्णा काय करतात ते टेपवर कुठे दिसतं? मला नुसती शांतता ऐकू यायची. साडेसात इंच टेप म्हणजे एक सेकंद. शांतता मी इंचात मोजायचो आणि कापायचो.

नाव कशाला तरी आपटते. लाल खुर्च्या. काठ जिथे होता तिथे आता पुण्याचं नाट्यगृह आहे. खुर्च्यांचे पाय अर्धे पाण्यात, माणसं इस्त्रीच्या कपड्यांत. मी तिसऱ्या रांगेत बसलो आहे. पाणी माझ्या बुटांत शिरतंय.

अण्णा स्टेजवर उभे आहेत. टोपी डोक्यावर, हात जोडलेले.

"म… म…"

हा प्रयोग मला पाठ आहे. कॅसेट निघून दोन वर्षं झाली होती. सभागृह भरलेलं होतं आणि आलेल्या प्रत्येकाने अण्णांना फक्त कॅसेटवर ऐकलेलं होतं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी झालं. कुणी खाली बघितलं, कुणी खोकलं. मागून एकजण ओरडला, "अहो, कॅसेट लावा की!" आणि थोडे लोक हसले.

आता ते हसणं येणार, म्हणून मी खुर्चीचे हात घट्ट धरतो. अण्णा मान वर करतात. माझ्याकडे बघतात. सबंध सभागृहात त्यांच्या ओळखीचा मी एकटा, आणि शब्द मला ठाऊक आहे. सोपा शब्द आहे. मी तोंड उघडायला जातो तर ओठ चिकटलेले आहेत. बोटांनी चाचपतो. टेपा जोडायची पांढरी पट्टी आहे, या गालापासून त्या गालापर्यंत. मी ती ओढतो. निघत नाही.

खरं तर त्या दिवशी माझ्या तोंडाला काहीही चिकटलेलं नव्हतं. मी माझ्या बुटांकडे बघत बसलो होतो. पुण्याच्या सभागृहात एकट्यानंच कसं ओरडायचं, म्हणून मूग गिळून बसलो. अण्णांनी परत एकदा हात जोडले, टोपी काढली आणि विंगेत निघून गेले. त्यानंतर अकरा वर्षं जगले. कथा सांगितली नाही. शेती केली, नातवंडं खेळवली, कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "कॅसेट हाय की."

अण्णा स्टेजवरून उतरतात, पाण्यातून चालत येतात आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात. टोपी गुडघ्यावर ठेवतात. माझ्या तोंडावरची पट्टी आता नाही.

"अण्णा, मला शब्द ठाऊक होता."

"म्हाईत हाय. म्हणून तर तुज्याकडं बगितलं."

मला रडू येतं. या वयात रडायला येतं ते नीट येत नाही, नाकातूनच जास्त येतं. अण्णा बघत राहतात.

"रागावलात ना माझ्यावर?"

"रागावलो की. अकरा वर्सं रागावलो. मग मेलो. आता किती रागवायचं?"

"मी तुमचं तोंड बंद केलं, अण्णा."

"केलंस," ते म्हणतात. त्यांनी 'नाही रे' म्हणावं असं मला वाटत होतं. ते म्हणत नाहीत. "पन त्यासाटनं मी आलो न्हाई. माजं झालं. त्या पोरीचं सांग. दे की तिला डबा."

"लोक ऐकतील. मी काय काय कापलं ते सगळ्यांना कळेल. पदक दिलंय लोकांनी मला त्याचं."

"आन् पोरगी गप्प बसली तरी चालंल?"

"तसं नाही…"

"तुजी लाज किती इंच हाय, शिंपीदादा? मोज एकदा. माजं सगळं मोजलंस."

अण्णा माझ्या मांडीवरचा डबा ओढून घेतात. चमच्याला आणि किल्लीला दाद न देणारं झाकण नखाने उचकटतात. आत बांगड्यांसारखे गुंडाळलेले तुकडे आहेत, एकशे त्रेचाळीस, दोन्ही टोकांना माझ्या पिवळ्या पेन्सिलीच्या खुणा. अण्णा बोट फिरवत फिरवत एक तुकडा निवडतात. बाजारात भेंडी निवडावी तसा, मोडून बघतील की काय असं वाटतं. मग तो माझ्या तळहातावर ठेवतात आणि माझी मूठ मिटतात. त्यांचा हात गार आहे, शेतात पाणी पाजून आलेल्या माणसासारखा.

"धर. ह्यो माजा."

आणि मग ते माझ्याकडे वळतात. गळ्याची शीर ताणली जाते. ओठ मिटतात, सुटतात, मिटतात.

"म… म…"

आता ते अडखळतायत. चाळीस वर्षांनी तो आवाज माझ्या कानावर येतो आणि मी सगळं विसरतो. मला वाटतं, मंडळी म्हणायचंय. आता तरी ओरडावं म्हणून मी श्वास घेतो. पण सभागृहात आम्हा दोघांशिवाय कुणी नाही, आणि अण्णांनी मान वर केलेली नाही. ते शब्द मागत नाहीत. मग लक्षात येतं.

"म… मु…"

ते माझं नाव घेतायत. अण्णांनी मला जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती. मी ओठ मिटून घेतो. थांबतो. पाणी खुर्चीच्या बैठकीला लागतंय. अण्णांच्या कपाळावर घाम आहे. मी थांबतो. इतकं थांबायला मला कुणी शिकवलं नाही. फक्त एकदा ऐकू दे, एवढंच मनात येतं, एकदाच…

कुकरची चौथी शिट्टी होते.

पंखा. भिंत. मोडा रिकामा. डबा माझ्या मांडीवर आहे आणि झाकण तसंच गच्च बसलेलं आहे. मी दोन्ही अंगठे लावून बघतो, हलत नाही. उजवी मूठ मात्र मिटलेली आहे, आणि बोटं अवघडली आहेत. मी ती एकेक करून सोडवतो.

मुठीत टेपचा तुकडा आहे. तपकिरी, मऊ, दोन्ही टोकांना पिवळी खूण.

मी हिशेबी माणूस आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आधी खिसे बघितले, चष्म्याचं घर बघितलं, खुर्चीच्या फटी बघितल्या. कुठे तरी जुना राहिला असेल आणि झोपेत हाताला लागला असेल, असं स्वतःला सांगितलं. मला ते पटलं नाही. मग टेबलाच्या खणातून फूटपट्टी काढली आणि तुकडा मोजला. तीस इंच. चार सेकंद.

मोबाईल घेतला आणि पद्माला लावला. चार वेळा वाजला. कुणीतरी उचलला, पण बोललं कुणी नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, लहान माणसाचा. पद्मा वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली असणार. पडद्यावर माझं नाव दिसलं असणार आणि पोरीनं धाडस करून उचलला असणार. माझे कान शाबूत आहेत हे मी सांगितलंच.

"म…" पलीकडून आलं. "म… म…"

माझ्या तोंडाशी शब्द आला होता. माझंच नाव, मला येणार नाही? मी तो गिळला. टेपचं एक टोक चिमटीत धरलं आणि दुसऱ्या हाताने तुकडा सावकाश सरकवायला लागलो, मशीनवरून जातो त्या चालीनं. साडेसात इंच. पंधरा. पलीकडे श्वास अडकला, सुटला, परत अडकला. साडेबावीस. पूर्वी इथे मी ब्लेड लावलं असतं. तीस. पिवळी खूण बोटाला लागली आणि तुकडा संपला. मी तरी थांबलो.

"मुकुंदआजोबा?"

"हो गं, बाळा," मी म्हणालो. माझाच आवाज धड फुटत नव्हता आणि पोरगी शांतपणे थांबली होती. "आजीला खाली बोलाव. म्हणावं, आजोबा सकाळी खोटं बोलले."